पारदर्शक पावडरींचा अपवर्तनांक कसा मोजावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा औद्योगिक पट्टा, येथील अनेक प्रयोगशाळांत पांढऱ्या पावडरी रोज हाताळल्या जातात आणि त्यांच्यापैकी बऱ्याच पावडरी प्रत्यक्षात पांढऱ्या नसून पारदर्शक असतात. क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागातील केमिस्ट आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी अशा पावडरींच्या अपवर्तनांकाविषयी, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो हे सांगणाऱ्या आकड्याविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. महागडे यंत्र नसतानाही हे मोजमाप चांगले करता येते, हे सांगण्यासाठीच हा मजकूर लिहिला आहे.

काच पारदर्शक असते, मग तिची पूड पांढरी का दिसते?

तलावपाळीवर बर्फाचा गोळा खाताना याचे उत्तर समोर असते. लादीचा बर्फ आरपार दिसतो, पण तोच किसला की पांढराशुभ्र होतो आणि त्यावर सरबत ओतले की पुन्हा काहीसा पारदर्शक होतो. बर्फाचा अपवर्तनांक सुमारे १.३१ आणि हवेचा जवळजवळ १ असल्यामुळे प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश काही प्रमाणात परावर्तित होतो व वाकतो. सरबताचा अपवर्तनांक बर्फाच्या बराच जवळ असल्याने त्याने हवेची जागा घेतली की ही वळणे कमी होतात. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पुडीत असे पृष्ठभाग हजारोंनी असल्यामुळे बहुतेक प्रकाश आत कोठेही न शोषला जाता सर्व दिशांना विखुरतो आणि आपल्याला पांढरा रंग दिसतो.

पावडर थेट रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून आकडा का मिळत नाही?

बहुतेक प्रयोगशाळांत असलेले ॲबे रिफ्रॅक्टोमीटर हे अपवर्तनांक मोजण्याचे उपकरण जर्मनीतील येना येथील एर्न्स्ट ॲबे यांच्या रचनेवर आधारलेले आहे. त्यांनी तिचे वर्णन १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. हे उपकरण प्रिझम आणि नमुना यांच्या सीमेवरचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्या कोनापलीकडे प्रकाश सीमा न ओलांडता पूर्ण परत फिरतो तो कोन, मोजते. त्यासाठी नमुना प्रिझमला सलग चिकटलेला असावा लागतो, म्हणजे तो द्रव तरी हवा किंवा चकचकीत घासलेला सपाट तुकडा तरी हवा. पावडरीचे कण प्रिझमला काही बिंदूंवरच टेकतात आणि मधे हवा राहते, त्यामुळे दृष्टिक्षेत्रात काळ्या-पांढऱ्या भागांमधली स्पष्ट सीमा उमटतच नाही. रिफ्रॅक्टोमीटर मात्र बाजूला ठेवू नये, कारण पुढे द्रवाचा अपवर्तनांक तपासण्यासाठी त्याचीच गरज लागते.

मग मोजमापाचे तत्त्व काय?

पावडर एखाद्या द्रवात बुडवायची आणि तिचे कण कोणत्या द्रवात दिसेनासे होतात ते पाहायचे. ज्या द्रवात कणाची कडा नाहीशी होते, त्या द्रवाचा अपवर्तनांक हाच कणाचा अपवर्तनांक होय. घन पदार्थाचे अवघड मोजमाप अशा रीतीने द्रवाच्या सोप्या मोजमापावर आणले जाते. याला निमज्जन पद्धत म्हणतात. खनिजशास्त्रात ती शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे आणि पावडरीच्या बाबतीत आजही तीच सर्वांत विश्वासार्ह आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेके रेषा म्हणजे काय आणि ती प्रत्यक्षात कशी पाहावी?

द्रव आणि कण यांचे अपवर्तनांक वेगळे असतील, तर कोणाचा जास्त आहे हे ओळखण्याची युक्ती ऑस्ट्रियाचे खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेके यांनी १८९३ मध्ये मांडली. मायक्रोस्कोपचा फोकस किंचित बिघडवला की कणाच्या कडेला एक तेजस्वी बारीक रेषा दिसते. नमुना आणि ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे भिंग) यांच्यातील अंतर वाढवत गेल्यास ही रेषा अधिक अपवर्तनांक असलेल्या बाजूला सरकते. ती कणाच्या आत शिरली तर कणाचा अपवर्तनांक जास्त, आणि बाहेर द्रवात पसरली तर द्रवाचा जास्त. अंतर वाढवायचे म्हणजे आजच्या बहुतेक मायक्रोस्कोपमध्ये स्टेज, म्हणजे काचपट्टी ठेवण्याचा मंच, खाली न्यायची. आपल्या मायक्रोस्कोपचे चाक कोणत्या दिशेने फिरवल्यावर स्टेज खाली जाते हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे, कारण येथे दिशा उलटली की निष्कर्षही उलटा निघतो.

कृती अशी. पावडर चाळून साधारण १०० ते २०० मेश यांच्या मधला, म्हणजे ७५ ते १५० मायक्रॉनचा, भाग घ्यावा. अतिशय बारीक कण कडेला चिकटून गोंधळ करतात आणि जाड कणांवर कव्हर स्लिप तिरकी बसते. काचपट्टीवर टाचणीच्या टोकावर मावतील इतकेच कण घ्यावेत, वर कव्हर स्लिप ठेवावी आणि तिच्या कडेला द्रवाचा एक थेंब सोडावा. द्रव आपोआप आत ओढला जातो व बुडबुडे कमी राहतात. १० पट ऑब्जेक्टिव्ह लावून एकटा, स्वच्छ कडेचा कण शोधावा. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कंडेन्सरचा (नमुन्याखालच्या भिंगाचा) डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी झडप, बराचसा बंद करावा. पूर्ण उघड्या डायफ्रॅममधून प्रकाश सर्व कोनांतून येतो आणि बेके रेषा पुसली जाते. रेषा दिसतच नाही अशी तक्रार जेव्हा येते, तेव्हा बहुतेक वेळा डायफ्रॅम उघडा राहिलेला असतो.

मिठाचा एक दाणा लवंगेच्या तेलात पाहिल्यास हे सारे एका बैठकीत शिकता येते. मिठाचा अपवर्तनांक १.५४४ आहे, तर लवंगेच्या तेलाचा साधारण १.५३ च्या आसपास असतो. हवेत ठळक काळ्या कडांचा दिसणारा चौकोनी दाणा तेलात गेल्यावर पेन्सिलीने हलकेच काढलेल्या चौकटीसारखा फिका होतो आणि स्टेज खाली नेताच चारी बाजूंची उजळ रेषा आत, दाण्याच्या मध्याकडे सरकते. याच तेलात दालचिनीचे तेल थोडे थोडे मिसळत गेल्यास एका टप्प्याला चौकट जवळजवळ नाहीशी होते आणि त्यापुढे आणखी तेल मिसळल्यावर रेषा बाहेरच्या बाजूला पळू लागते.

कोणते द्रव वापरावेत?

०.००२ किंवा ०.००४ च्या अंतराने तयार केलेले प्रमाणित द्रवांचे संच विकत मिळतात आणि ज्यांना हे काम नेहमी करायचे आहे, त्यांनी तो खर्च करावा. इतरांना साध्या द्रवांच्या मिश्रणांवर बरेच अंतर कापता येते. २० अंश सेल्सियसला पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, इथेनॉलचा १.३६१, ग्लिसरिनचा १.४७३, टोल्यूइनचा १.४९६, बेन्झिल अल्कोहोलचा १.५४०, बेन्झिल बेंझोएटचा १.५६८ आणि ब्रोमोनॅफ्थलिनचा १.६५८ असतो. डायआयोडोमिथेन १.७४ पर्यंत नेते, परंतु नेहमीच्या ॲबे रिफ्रॅक्टोमीटरची मर्यादा १.७०० असल्याने त्याचा आकडा तेथे वाचता येत नाही.

एकमेकांत पूर्ण मिसळणारे दोन द्रव घेतले तर मिश्रणाचा अपवर्तनांक त्यांच्या आकारमानाच्या प्रमाणात मधे कोठेतरी येतो. हा हिशेब मिश्रण तयार करण्यापुरताच वापरावा आणि शेवटचा आकडा रिफ्रॅक्टोमीटरवर वाचूनच लिहावा. बाजारातील लवंग आणि दालचिनीच्या तेलांत भेसळ सर्रास असते, त्यामुळे बाटलीवरच्या लेबलावर विसंबून राहू नये.

द्रव निवडताना पावडर त्यात विरघळत नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. मीठ पाण्यात जाते हे सर्वांना ठाऊक असते, पण ते ग्लिसरिनमध्येही थोडे विरघळते हे लक्षात येत नाही. पॉलिस्टायरिन टोल्यूइनमध्ये पाहता पाहता मऊ पडते. दाण्याचे कोपरे पाच-दहा मिनिटांत गोलसर होऊ लागले, तर त्या द्रवातील निरीक्षण बाद समजावे, कारण कणाभोवतीच्या द्रवाचा अपवर्तनांकही विरघळलेल्या पदार्थामुळे बदललेला असतो. जुन्या पुस्तकांत कार्बन डायसल्फाइड आणि ॲनिलिन यांचा उल्लेख आढळतो. पहिला अत्यंत ज्वालाग्राही आणि दोन्ही विषारी आहेत. आज पर्याय उपलब्ध असताना, विशेषतः महाविद्यालयात, ते वापरण्याचे काहीच कारण नाही. डायआयोडोमिथेन आणि ब्रोमोनॅफ्थलिन हाताळतानाही हातमोजे आणि फ्यूम हूड आवश्यक आहेत.

सरावासाठी कोणत्या पावडरी चांगल्या?

फुटलेल्या बोरोसिलिकेट बीकरची पूड आणि ग्लिसरिन ही जोडी सर्वांत सोपी आहे, कारण दोघांचाही अपवर्तनांक १.४७ च्या जवळ असतो. अस्फटिकी सिलिकाचा अपवर्तनांक १.४५८ असून वजनाने सुमारे ९० टक्के ग्लिसरिन असलेले पाण्यातील मिश्रण त्याच्याशी जुळते. खिडकीच्या साध्या काचेसाठी १.५१ ते १.५२ या पट्ट्यात शोध घ्यावा.

तापमानाला इतके महत्त्व का?

कारण द्रव आणि घन तापमानाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. सेंद्रिय द्रवांचा अपवर्तनांक प्रत्येक अंश सेल्सियसला साधारण ०.०००४ ते ०.०००५ ने घटतो, तर घन पदार्थांतील बदल बहुधा त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. बाटलीवर २५ अंशांना १.५४४ असे लिहिले आहे आणि मे महिन्यातील दुपारी वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत ३४ अंश तापमान आहे, असे धरू. नऊ अंशांच्या फरकामुळे त्या द्रवाचा प्रत्यक्ष अपवर्तनांक सुमारे १.५४० झालेला असतो. लेबलवरचा आकडा तसाच नोंदवल्यास तिसऱ्या दशांश स्थानात सुमारे चार एककांची चूक होते, आणि ही चूक डोळ्यांना अजिबात दिसत नाही, कारण दाणा तर व्यवस्थित नाहीसा झालेला असतो. हॅलोजन दिव्याखाली काचपट्टी आणखी तापते. म्हणून निरीक्षणे सलग घ्यावीत, द्रव आणि मायक्रोस्कोप एकाच खोलीत तासभर ठेवलेले असावेत आणि जुळणी झाल्यावर तोच द्रव त्याच खोलीत, त्याच तापमानाला लगेच रिफ्रॅक्टोमीटरवर वाचावा. ही शेवटची सवय लावून घेतली तर तापमानाची दुरुस्ती करण्याची वेळच फारशी येत नाही.

याच गुणधर्माचा उपयोगही करून घेता येतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत काचेचे कण सिलिकॉन तेलात ठेवून तापवण्याच्या स्टेजवर हळूहळू गरम करतात आणि कण कोणत्या तापमानाला दिसेनासा होतो ते नोंदवतात. तेलाचे तापमान आणि अपवर्तनांक यांचे नाते आधीच निश्चित केलेले असल्याने त्यावरून काचेचा आकडा चौथ्या दशांश स्थानाच्याही पुढे काढता येतो.

पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडच्या हवेत ओलावा इतका असतो की उघडे राहिलेले ग्लिसरिन हवेतील पाणी शोषून घेते आणि त्याचा अपवर्तनांक १.४७३ वरून खाली येऊ लागतो. पावडरही ओल धरते. नमुना योग्य तापमानाला वाळवून डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावा. मात्र जिप्समसारख्या पदार्थाला ओव्हनमध्ये घातल्यास त्यातील स्फटिकजल निघून जाते आणि आपण वेगळाच पदार्थ मोजत बसतो.

पिवळा प्रकाश आवश्यकच आहे का?

पुस्तकांत दिलेले आकडे बहुधा सोडियमच्या पिवळ्या रेषेसाठी, म्हणजे ५८९.३ नॅनोमीटर तरंगलांबीसाठी असतात. तुलना करायची तर सोडियम दिवा किंवा त्या तरंगलांबीचा फिल्टर वापरावा. तथापि शोधाच्या सुरुवातीला पांढरा प्रकाश अधिक उपयोगी पडतो, असा अनुभव आहे. द्रवांचे अपस्करण, म्हणजे रंगानुसार अपवर्तनांकात पडणारा फरक, साधारणपणे घन पदार्थांपेक्षा जास्त असल्याने पिवळ्या रंगासाठी जुळणी झाली तरी तांबड्या रंगासाठी द्रवाचा अपवर्तनांक कणापेक्षा कमी आणि निळ्यासाठी जास्त राहतो. त्यामुळे एकाच पांढऱ्या रेषेऐवजी दोन रंगीत रेषा दिसतात: स्टेज खाली नेल्यावर नारिंगी-तांबडी आत जाते आणि निळसर बाहेर येते. हे रंग दिसू लागले म्हणजे आपण अगदी जवळ पोहोचलो आहोत.

मायक्रोस्कोप नसेल तर काय करावे?

दृश्य प्रकाशाचा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरेसा आहे. पाच-सहा द्रवमिश्रणे घ्यावीत, प्रत्येकात पावडरीचे समान वजन टाकावे, ढवळून लगेच क्युव्हेटमध्ये (यंत्राच्या पारदर्शक नमुनापात्रात) भरावे आणि ५८९ नॅनोमीटरला पारगम्यता, म्हणजे आरपार जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, मोजावी. विखुरणे हे दोन अपवर्तनांकांतील फरकाच्या वर्गानुसार घटत असल्याने जुळणीच्या जवळ पारगम्यता झपाट्याने वाढते, शिखर गाठते आणि पुन्हा उतरते. आलेखावरील शिखराची जागा हा पावडरीचा अपवर्तनांक होय. कण तळाशी बसू लागले तर पारगम्यता खोटी वाढते, म्हणून प्रत्येक वाचन ढवळल्यानंतर ठरावीक वेळेने घ्यावे. बुडबुडेही तितकाच घोटाळा करतात. शक्य असल्यास मिश्रण निर्वातात काही वेळ ठेवावे.

आणखी एक सुंदर मार्ग आहे. डेन्मार्कचे क्रिस्टियान क्रिस्टियान्सेन यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले, की द्रवात भिजवलेली काचेची पूड ज्या रंगासाठी दोघांचे अपवर्तनांक समान असतील तेवढाच रंग सरळ पुढे जाऊ देते आणि उरलेले रंग विखुरते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही १९४९ मध्ये या प्रयोगाच्या सिद्धान्तावर लेखन केले होते. आपल्या कामापुरते त्याचे रूपांतर असे: द्रवाचा अपवर्तनांक प्रत्येक तरंगलांबीला किती आहे हे माहीत असेल, तर एकाच मिश्रणाचा ४०० ते ८०० नॅनोमीटर स्कॅन घ्यावा. पारगम्यतेचे शिखर ज्या तरंगलांबीला येते, तेथे पावडरीचा अपवर्तनांक द्रवाइतकाच असतो. विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात हे आवर्जून दाखवावे, कारण बाटली हातात तापली की तिच्यातून दिसणारा रंग डोळ्यांदेखत बदलतो.

एकाच पावडरीला दोन वेगळे आकडे का येतात?

पावडर द्विअपवर्तनी, म्हणजे दिशेनुसार वेगवेगळा अपवर्तनांक असलेल्या, स्फटिकाची असेल तर तसेच यायला हवे. काच आणि मिठासारखे घनाकृती (क्यूबिक) प्रणालीतील स्फटिक यांना एकच अपवर्तनांक असतो. क्वार्ट्झला १.५४४ आणि १.५५३ असे दोन असतात. प्लॅस्टिक आणि रंगांत भराव म्हणून वापरल्या जाणाऱ्या कॅल्साइटला तर १.४८६ आणि १.६५८ असे फार दूरचे दोन आकडे आहेत. मायक्रोस्कोपमध्ये एक पोलरायझर (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर) बसवून स्टेज फिरवल्यास कॅल्साइटचा दाणा एका दिशेत ठळक आणि दुसऱ्या दिशेत फिका होत जातो, हे दृश्य एकदा पाहिले की द्विअपवर्तन वेगळे शिकवावे लागत नाही.

कॅल्साइटचे दाणे तुटतात ते ठरावीक प्रतलांवर आणि काचपट्टीवर त्याच सपाट बाजूंवर पडून राहतात. अशा पडलेल्या दाण्यात १.६५८ हा आकडा नीट मिळतो, पण १.४८६ कधीच दिसत नाही. त्याऐवजी सुमारे १.५६६ मिळतो. पोलरायझर न लावता अशा पावडरीचा एकच ‘सरासरी’ आकडा नोंदवणे मला अयोग्य वाटते. सरासरी द्यायचीच असेल, तर ती कोणत्या आकड्यांवरून काढली ते सोबत लिहावे.

टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक याच पद्धतीने मोजता येईल का?

नाही. त्याच्या रुटाइल या स्फटिक प्रकाराचे आकडे सुमारे २.६ आणि २.९ आहेत, आणि इतका अपवर्तनांक असलेला सुरक्षित द्रव प्रयोगशाळेत नसतो. शिवाय रंगद्रव्याचे कण मायक्रॉनच्या चौथ्या भागाइतके बारीक असतात. एवढ्या लहान कणांची बेके रेषा दिसत नाही. येथे प्रसिद्ध झालेला आकडाच वापरावा.

सिलिका जेलसारख्या सच्छिद्र पावडरीचे काय?

द्रव छिद्रांत शिरला तर मिळणारा आकडा मूळ सिलिकाच्या सांगाड्याचा असतो, आणि शिरला नाही तर हवेने भरलेल्या सबंध दाण्याचा, म्हणजे बराच कमी. मोजमाप चालू असताना दाणा हळूहळू अधिक पारदर्शक होत असेल, तर द्रव अजून आत जात आहे असे समजावे आणि थांबावे. कोणता आकडा हवा आहे हे उपयोगावर अवलंबून असते.

कणांचा आकार मोजणारे लेझर यंत्र अपवर्तनांक विचारते. तेथे कोणता आकडा भरावा?

लेझर विवर्तनाने कणांचा आकार मोजताना यंत्र गुस्ताफ मी (Mie) यांच्या प्रकाश विखुरण्याच्या सिद्धान्ताचा वापर करते आणि त्यासाठी कणाचा व द्रवाचा असे दोन्ही अपवर्तनांक द्यावे लागतात. आयएसओ १३३२० या मानकातही या निवडीला महत्त्व दिलेले आहे. साधारण ५० मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांसाठी आकडा थोडा चुकला तरी विशेष बिघडत नाही. पण काही मायक्रॉनच्या आणि त्याहून बारीक पारदर्शक कणांसाठी चुकीच्या आकड्यामुळे नसलेले बारीक कण आलेखावर उमटू शकतात. यंत्राच्या यादीतून नावाशी जुळणारा पहिला आकडा उचलण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे आणि ती मला चिंताजनक वाटते, कारण ‘सिलिका’ या एकाच नावाखाली अस्फटिकी सिलिकाचा १.४५८ आणि क्वार्ट्झचा १.५४४ हे दोन्ही येतात. आपल्या पावडरीचा आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत जरी स्वतः तपासला, तरी ही गल्लत टळते. यंत्रातील प्रकाशाची तरंगलांबी सोडियमच्या रेषेपेक्षा वेगळी असते, हेही ध्यानात ठेवावे.

दोन पावडरींचे मिश्रण असेल तर?

मायक्रोस्कोपखाली प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे पाहता येतो, त्यामुळे काही दाणे नाहीसे झाले आणि काही ठळक राहिले तर भेसळ लगेच लक्षात येते. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पद्धतीत मात्र शिखर बोथट होते आणि आकडा फसवा येतो.

नमुना किती लागतो?

मायक्रोस्कोपसाठी काही मिलिग्रॅम पुरतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी एखादा ग्रॅम असावा.

निकाल किती दशांश स्थानांपर्यंत लिहावा आणि अहवालात काय नोंदवावे?

साधा मायक्रोस्कोप, मिश्रणाने तयार केलेले द्रव आणि खोलीचे तापमान एवढ्यावर केलेल्या कामात तिसरे दशांश स्थान मिळते, तेही एक-दोन एककांच्या अनिश्चिततेसह. रिफ्रॅक्टोमीटरवर चौथे स्थान दिसते म्हणून ते पावडरीच्या निकालात लिहू नये. ते द्रवाच्या वाचनाचे स्थान आहे. ज्या दोन द्रवांच्या मधे जुळणी सापडली, त्यांतील अंतर हीच अनिश्चिततेची खरी मर्यादा समजावी. आकड्यासोबत तरंगलांबी, तापमान, द्रवाचे घटक, कणांचा आकार आणि पोलरायझर वापरला होता की नाही हे नोंदवले नाही, तर तो आकडा दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही. उदाहरणार्थ, मिठाची नोंद अशी करावी: ‘अपवर्तनांक १.५४४, अनिश्चितता ०.००२, तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, तापमान २७ अंश सेल्सियस, द्रव बेन्झिल अल्कोहोल आणि बेन्झिल बेंझोएट यांचे मिश्रण, त्याच तापमानाला ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर वाचलेले, कण ७५ ते १५० मायक्रॉन, बेके रेषेने जुळणी, पोलरायझरखाली स्टेज फिरवूनही बदल आढळला नाही.’